वल्ह्याला लावलेला कान

कोळ्याची मुलगी म्हटली की लोकांना माझ्या तोंडून पाण्याचं कौतुक ऐकायचं असतं. खाडीची आठवण येत असेल ना, असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच भारावून जातात. नाही येत. पनवेलच्या खाडीचं पाणी मला लहानपणी आवडत नव्हतं आणि आज साठी उलटल्यावरही आवडत नाही. गढूळ, चिकट, ओहोटीला घाण मारणारं पाणी. हात घातला तर कोपर बुडायच्या आत बोटं दिसेनाशी व्हायची. आता त्याच्यावरून विमानं उठतात, आणि खिडकीतून खाली बघणारे म्हणत असतील, काय सुंदर दिसतंय. म्हणोत बापडे. वरून दिसतं ते पाणी वेगळं. मी ते आतून ऐकलंय, आणि त्या ऐकण्यापायी आमच्या घरात जे झालं ते अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

कोळीवाड्याच्या टोकाला आमचं घर होतं. घर एक, चुली दोन. एका चुलीवर माझी आई, दुसरीवर काकी, आणि मधे एक कुडाची भिंत, जिच्यातून पलीकडच्या कालवणात चिंच जास्त पडली की कोकम, हेसुद्धा कळायचं. बा आणि हिरूकाका हे सख्खे भाऊ. बोट दोघांची मिळून एकच, आजोबांनी मागे ठेवलेली, आणि बा थोरला म्हणून तांडेल. म्हणजे बोट कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, हा शब्द त्याचा. हिरूकाकाला तो शब्द जन्मापासून टोचत आला होता. दोघे दिवसभर एका बोटीत गुडघ्याला गुडघा लावून बसायचे आणि घरी आले की एकमेकांशी भिंतीतून बोलायचे. बोलायचे म्हणजे काय, टोमणे मारायचे. काकी पाट्यावर मसाला वाटायला बसली की आईही बसायची, आणि दोघींचे वरवंटे असे आपटायचे की पाट्यांना वाचा असती तर त्यांनी शिव्याच दिल्या असत्या. सकाळी जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी, दुपारी माशाचं आंबट, रात्री उरलेलं आंबट. जेवताना आमच्याकडे कोणी हसायचं नाही.

बाला अख्ख्या खाडीवर ‘कान’ म्हणायचे. धर्मा तांडेल म्हणून कोणी विचारलंच तर, तो कानवाला का, असं उत्तर यायचं. इंजिन बंद करायचं, वल्ह्याचं पातं पाण्यात सरळ खाली सोडायचं आणि दांड्याचं टोक कानाला लावायचं. घोळ आणि ढोमी ह्या बोलणाऱ्या माशांच्या जाती. पोटात त्यांच्या हवेची पिशवी असते, आमच्याकडे तिला भोत म्हणतात, ती थरथरवून त्या आवाज काढतात. ढोमी बेडकासारखी कुरकुरते. घोळीचा आवाज जाड, लांबवर कोणीतरी जातं ओढतंय असा. पाण्यातला तो आवाज लाकडात चढतो आणि लाकडातून कानात. हे बाला त्याच्या बापाने शिकवलं होतं. बाने मला शिकवलं. ते प्रेमापोटी शिकवलं असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. बा बहिरा होत चालला होता.

बोटीला इंजिन आलं तेव्हापासून तो त्याच्या शेजारी बसायचा. दहा-बारा वर्षं ते धूड त्याच्या कानाशी ठणाणत होतं, आणि एक दिवस त्याच्या लक्षात आलं की वल्हं कानाला लावलं तरी लाकूड मुकं आहे. हे फक्त आईला आणि मला माहीत होतं. हिरूकाकाला कळलं असतं तर सुकाणू त्याच दिवशी गेलं असतं. म्हणून बाने मला बोटीवर घेतलं. सांगायचं कारण, पाणी उपसायला. वल्हं त्याने धरायचं, डोकं त्याने टेकायचं, आणि मी खाली त्याच दांड्याला टेकून, दमल्याचं सोंग करून बसायचं. माझा कान लाकडाला, माझा पाय त्याच्या पायाशी. अंगठा एकदा दाबला तर खाली काही नाही. दोनदा दाबला तर घोळ आहे. मग बा डोकं उचलून, जणू त्यानेच ऐकलं अशा थाटात, “टाका जालं,” म्हणायचा. वाडा वाहवा करायचा. मी डब्याने पाणी उपसायची.

आमच्यात शहाणी झालेली मुलगी बोटीवर चढत नाही. बोट विटाळते म्हणतात. काकीच्या मुलीने बारा वर्षांची असताना नुसता नांगराच्या दोराला हात लावला म्हणून बाने तिच्या थोबाडीत मारलेली मी बघितली होती. आणि मी तेराव्या वर्षी शहाणी झाले तेव्हा आईने मला कोपऱ्यात बसवलं नाही, की कोणाला सांगितलं नाही. फडकी अंधारात धुवून चुलीमागे वाळवायची आणि पहाटे मला उठवायची. मी म्हटलं, “आता मी कशी जाऊ?” तर म्हणाली, “तोंड मिटून जायाचं.” देव, विटाळ, रीत, सगळं दुसऱ्यांच्या मुलींसाठी. त्या दिवसापासून मी घरातल्या देवाला नमस्कार केला तो फक्त हातांनी.

माझी सुटका एकाच जागी होती, शाळेत. तिथे शास्त्र शिकवायला देवधरबाई होत्या. सडपातळ, कडक, कोणाचंही आडनाव विचारून बसण्याची जागा न ठरवणाऱ्या. त्यांच्यामुळे मला आमच्या घरातल्या एका जुन्या तमाशाचा अर्थ लागला. आदल्याच वर्षी हिरूकाकाने, कानाला शह द्यायचा म्हणून, मोटरसायकलचा दिवा लोणच्याच्या बरणीत मेण लावून बंद केला होता आणि दिवेलागणीला तो पाण्यात सोडला होता. मासे दिसतील म्हणून. दिसलं काय, तर पाणीच. बरणीभोवतीचं सगळं पाणी पिवळट उजळलं आणि पलीकडचं ठार अंधारलं. बा पोट धरून हसला. “चहा झाला रे हिरू, आता पाव आन,” म्हणाला. काकाने बरणी दगडावर फोडली. वर्गात देवधरबाईंनी पेल्यातल्या पाण्यात दुधाचे चार थेंब टाकले, बाजूने टॉर्च धरली, आणि तेच झालं. प्रकाश कणाकणावर आपटतो आणि चहूकडे उधळतो, सरळ पुढे जायला उरतच नाही, असं त्या म्हणाल्या. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही. आवाजाची लाट लांब असते, गाळाच्या बारीक कणांना ती जुमानत नाही, त्यांना ओलांडून जाते. तिला अडवतं ते मोठं काही, तळ, खडक, आणि सगळ्यात जास्त हवा. पाण्यातल्या हवेवर आवाज आपटला की जोरात मागे फिरतो.

मी हात वर केला. “बाई, घोळीच्या पोटात हवा असते.”

“मग?”

“मग वरून आवाज सोडला तर तो घोळीवरून परत येईल.”

बाईंनी टॉर्च विझवली. “वत्सला, तू हे कुठे वाचलंस?” वाचलं कुठेच नव्हतं, ऐकलं होतं. त्या दिवसापासून त्या मला मधल्या सुट्टीत पुस्तकं देऊ लागल्या. नववीच्या शास्त्राच्या पेपरात तू पहिली आलीस तर पुढच्या शिक्षणाचं मी तुझ्या वडिलांशी बोलेन, असंही म्हणाल्या. मला आयुष्यात इतकं काही कधी हवंसं वाटलं नव्हतं. चिखलात पाय रोवून उभी असतानाही मी मनात त्या पेपरची उत्तरं म्हणत असे.

आणि मग हिरूकाकाने मशीन आणलं. मुंबईत मोडीत निघालेल्या एका ट्रॉलरवरचं. लोखंडी पेटी, काचेआड कागदाची गुंडाळी आणि तिच्यावर सरसर फिरणारी सुई. मशीन खाली आवाज सोडतं, तो तळावरून, माशांवरून परत येतो, आणि सुई तेवढ्या जागी कागद जाळून काळी खूण करते. जळक्या कागदाचा वास बोटभर पसरायचा. काका पेटीवरून असा हात फिरवायचा, जसा त्याने स्वतःच्या मुलांवरून कधी फिरवला नव्हता. पहिल्या दिवशी कागद काळाभोर झाला. काका ओरडला, “बग दादा, मासलीच मासली!” जाळं टाकलं. वर आला चिखल आणि एक चप्पल. बोट त्याने तिथल्या तिथे तीनदा फिरवायला लावली होती आणि मशीनला सापडले होते आमच्याच पंख्याने घुसळलेले बुडबुडे. हवाच ती. पुढच्या आठवड्यात कागद कोरा, आणि शेजारच्या बोटीने त्याच पाण्यातून बोंबलाची रास काढली. बोंबलाच्या पोटात हवा नसते, पाणीदार मांस, आवाज त्याच्यातून आरपार जातो. मला हे कळत होतं. मी सांगितलं कोणाला नाही. दोघांपैकी कोणालाही शहाणं करून सोडायची मला हौस नव्हती.

वाडा हसला आणि काका पेटला. होळीच्या तोंडावर सगळे जाळी शिवायला बसले असताना तो सगळ्यांसमोर उभा राहिला. बाच्या अगदी समोर जाऊन, मोठ्याने म्हणाला, “दादा, येक दिस ठरव. घोलीचा. तुजा कान नि माजं मशीन. दोन मानसं वाड्यातली बोटीवर घेऊ. ज्याचं खोटं निघंल त्यानं सुकानू सोरायचं.”

बाने त्याच्या ओठांकडे बघून सगळं समजून घेतलं. “परवा,” एवढंच बोलला.

परवा शास्त्राचा पेपर होता. मी रात्रभर तळमळले आणि दुसऱ्या दिवशी, बा अंगणात वल्ह्याला तेल चोळत बसला होता तिथे गेले. तो माझ्याकडे पाठ करून बसलेला. मी म्हटलं, “बा, उद्या माझा पेपर हाय. शास्त्राचा. मी नाय येऊ शकत.” तो तेल चोळत राहिला. मी आणखी मोठ्याने म्हटलं, “बा, माझा पेपर हाय!” इतक्या मोठ्याने की भिंतीपलीकडचा वरवंटा थांबला. बाची पाठ हलली नाही. मला वाटलं पुढे जावं, त्याच्या तोंडासमोर उभं राहावं. पण काकी ऐकत होती, आणि बाला ऐकू येत नाही हे तिला कळलं असतं. म्हणून मी गप्प बसले. त्याने नकार दिला की त्याला ऐकूच गेलं नाही, हे मला त्या क्षणी कळायला मार्ग नव्हता. पहाटे त्याने उपसायचा डबा माझ्या हातात दिला.

बोटीवर आम्ही पाच जण. बा, काका, मी, आणि वाड्यातले दोन म्हातारे, ज्यांच्या शब्दाला वजन होतं. खाडीच्या तोंडाशी, पाणी जिथे रुंदावतं तिथे काकाने इंजिन बंद केलं. मशीन चालू केलं आणि त्याच्यावर गोणपाट टाकलं, बाला कागद दिसू नये म्हणून. ऊन चढायला लागलं होतं. शाळेत आता घंटा झाली असेल, प्रश्नपत्रिका वाटत असतील, माझ्या बाकावर कोणी नसेल, एवढं एकच माझ्या डोक्यात. बाने वल्हं सोडलं. डोकं टेकलं. मी खाली दांड्याला टेकले.

आधी मशीनची टकटक ऐकू आली. मग भरतीच्या पाण्याची सळसळ. आणि मग, खोलवरून, ती आली. घोळ. एक नाही, थवेच्या थवे, दगडी जाती फिरावीत तसे. इतका भरघोस आवाज मी कधी ऐकला नव्हता. लाकूड कानाला झोंबत होतं.

मी अंगठा एकदाच दाबला.

हातून चूक झाली, गोंधळ झाला, असं मी पुढे लोकांना सांगितलंय. खोटं आहे. मी विचार करून दाबला. मला त्याला बुडवायचं होतं. माझ्या कानावर उभा राहून वाडाभर मिरवणारा, काकीच्या मुलीला मारणारा आणि माझा विटाळ चुलीमागे वाळवणारा हा माणूस एकदा सगळ्यांदेखत तोंडावर पडावा, एवढीच माझी इच्छा होती.

बाने डोकं उचललं नाही. उलट त्याने दांड्याच्या टोकावर दात रोवले. मी खालून बघत होते. संतापला की तो दात खायचा, मला वाटलं तेच. बराच वेळ तो तसाच होता. म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाला, “धर्मा, हाय का नाय?” तेव्हा त्याने तोंड बाजूला केलं, लाकडावर दातांचे ओले वण उमटलेले, आणि खाली माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही. मग तो म्हाताऱ्यांकडे वळला.

“नाय,” म्हणाला. “काय नाय हितं.”

काकाने गोणपाट ओढलं. कागदावर तळाच्या रेघेवर काळ्या कोयऱ्यांची दाटी झाली होती. “हाय!” तो किंचाळला. जाळं टाकलं. पुढे काय झालं ते सांगायला नको. घोळी वर आल्या, सोन्याच्या रंगाच्या, हाताएवढाल्या, आणि बोटीत पडल्यावरही ओरडत होत्या. काका हसत होता, रडत होता, म्हाताऱ्यांना मिठ्या मारत होता. बा उठला, सुकाणूपासून बाजूला झाला आणि पुढे नांगरापाशी जाऊन बसला. त्या दिवसापर्यंत जाता-येता तिथे मी बसत असे.

कान गेला हे मग लपलं नाही. ‘बहिरा तांडेल’ हे नाव पोरांनी आठ दिवसांत पाडलं. काकाने पहिला हुकूम काढला तो माझा, पोरीची जात बोटीवर नको. देवधरबाईंनी माझा पेपर आठवड्याने वेगळा घेतला, का आली नाहीस हे एकदाही न विचारता. मी शिकले. बा काही वर्षं वाड्यात जाळी शिवत राहिला आणि मग कळंबोलीच्या लोखंडाच्या बाजारात रखवालदार म्हणून लागला, जिथे दिवसभर पत्र्यांवर पत्रे आपटतात. त्याला त्रास नाही व्हायचा. मी सुट्टीत घरी यायची, त्याच्यासमोर ताट ठेवायची, उचलायची. आम्ही बोलायचो नाही. मी जिंकले होते, आणि त्या जिंकण्याचा मला इतका राग होता की त्याच्याकडे बघवत नसे.

पुढे मी स्वतःच भौतिकशास्त्र शिकवायला लागले. एकदा शाळेतून नादकाटा घरी आणला होता, दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगासाठी. दोन पायांचा लोखंडी काटा, ठोकला की गुणगुणतो. कान गेलेल्या माणसालाही हाडातून आवाज पोचू शकतो, हे मी पोरांना दरवर्षी सांगायची. बा ओटीवर बसला होता, आता दात थोडेच उरलेले. मला काय वाटलं कोण जाणे. मी काटा गुडघ्यावर ठोकला आणि त्याचा दांडा त्याच्या ओठांशी धरला. त्याने लहान मुलासारखा तो दातांत धरला. डोळे मिटले. काटा गप्प होईपर्यंत तसाच राहिला, आणि मग म्हणाला,

“ह्यो बारीक हाय. घोल खालच्या दातांत लागते.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. वल्ह्यावरचे ते ओले वण मला दिसले. मी त्याच्या समोर बसले, ओठ दिसतील अशी, आणि एकेक शब्द सोडवून विचारलं, “त्या दिवशी दातांना कळलं होतं?”

“कललं व्हतं. लय व्हत्या.”

“मग नाय कसं बोललास?”

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू एवढं शिकून ह्या पोरीला साधं काही समजत नाही. “कान तू व्हतीस,” म्हणाला. “कानानं नाय सांगितल्यावर तांडेल हाय कसा बोलंल?”

मी भांडले. घर डोक्यावर घेतलं. तू मला तिथेच का मारलं नाहीस, खोटी का पाडली नाहीस, इतकी वर्षं मी हे उराशी घेऊन फिरले ते तुला दिसत होतं ना, असं ओरडत राहिले. आई आतून धावत आली. बा शांतपणे नादकाटा धोतराला पुसत होता. शेवटी मी तेच विचारलं जे मला खरं विचारायचं होतं. त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं आणि म्हटलं, “बा, आदल्या दिवशी अंगणात मी बोलले होते, माझा पेपर हाय म्हणून. ते ऐकलं होतंस?”

त्याने माझे ओठ नीट वाचले. ते मी बघितलं, शेवटच्या शब्दापर्यंत वाचले. मग काटा माझ्या हातात ठेवला, तळहात कानामागे धरला आणि पुढे वाकला.

“काय बोललीस, गो?” म्हणाला.